शेऱ्याचा रकाना

कोव्हेंट्री. सकाळचे सव्वासात.
शेड नंबर चारमध्ये माझी वाट पाहत होता
व्हॅनच्या डाव्या दाराचा साचा,
वजन साडेअकरा टन,
आणि त्याच्या शेजारी, चहाचा मग धरून,
नेव्हिल प्रॉसर,
वजन त्या मानाने काहीच नाही.

करार दोनशे चौदा पानांचा.
त्यात ओसाका आहे, चाकण आहे,
स्लोव्हाकियातलं एक गाव आहे
ज्याचं नाव मला अजून धड म्हणता येत नाही.
इंजिन एकाचं, बॅटरी दुसऱ्याची,
सीटचं कापड तिसऱ्याच्या मेहुण्याचं असावं,
आणि नफ्याचे टक्के दशांशचिन्हापुढे चार घरं.
"भागीदार" हा शब्द एकशे सहा वेळा येतो.
मी विमानात मोजला.
झोप येत नव्हती.

डावं दार आमच्याकडे, उजवं स्लोव्हाकियाला.
तीस वर्षं समोरासमोर उभे राहिलेले दोन साचे
आता एकमेकांना दिसणार नाहीत.
हे करारात नाही, हे मी आपलं म्हणते.

नेव्हिलने मग खाली ठेवला.
मधल्या बोटाचं पेर वाकवून
साच्यावर टकटक केली, तीन ठिकाणी,
मान तिरपी करून ऐकलं.
मला हसू आलं, आणि मग आलं नाही.
भोसरीच्या शेडमध्ये आमचे अण्णा
कास्टिंगला असाच कान लावायचे,
आणि आई माठ घेताना कुंभाराला म्हणायची,
पैसे खणखणीत देतेय, माठही तसाच दे.

"इथे हात घाल," तो म्हणाला.
घातला.
बिजागरीच्या बाजूला, ग्रीसखाली,
पत्र्याची एक पट्टी, नखाएवढी रुंद.
"तंबाखूच्या डबीचं झाकण. शहाण्णव साल.
दाराची कड लाटेसारखी उठायची.
ही घातली, बसली."
मग इकडेतिकडे बघून:
"ड्रॉइंगमध्ये नाही."

ड्रॉइंगमध्ये नाही. सुट्या भागांच्या यादीत नाही.
लिहिलं तर साचा नापास, बोट चुकणार,
दोन देशांतली चार माणसं फोनवर भांडणार,
आणि नेव्हिलला, त्याचे सहा आठवडे उरलेले असताना,
कुणीतरी इस्त्रीचं पोरगं येऊन विचारणार,
कुणाच्या परवानगीने?
नाही लिहिलं तर
चाकणला साचा धुताना ती कचऱ्यात जाणार
आणि वर्षभर आम्ही लाट शोधत बसणार.

मी शेडबाहेर जाऊन सर्जेरावला फोन लावला.
तिकडे जेवणाची सुट्टी व्हायची होती,
मागे प्रेस धपधपत होता.
ग्रीसखाली पत्रा आहे, म्हटलं, बिजागरीपाशी.
कुणालाही हात लावू देऊ नकोस.
"कुणी घातलाय?"
मी क्षणभर थांबले.
आपल्यातलाच आहे एक, म्हटलं.
"बरं," तो म्हणाला. जास्त विचारलं नाही.

टॅबलेटवर अठ्ठेचाळीस खुणा केल्या.
शेवटी शेऱ्याचा रकाना. तो रिकामा चालत नाही.
मी देवनागरीत लिहिलं, वाजवून घेतला.
ओसाकाच्या सिस्टिमने ते मुकाट्याने घेतलं
आणि अकरा रिकामे चौकोन दाखवले.
"काय लिहिलंस?" नेव्हिलने विचारलं.
पास, म्हटलं.

साडेतीनला ट्रेलर निघाला.
ड्रायव्हरने आवळलेले पट्टे नेव्हिलने पुन्हा आवळले,
ड्रायव्हर काही बोलला नाही.
फाटक बंद झालं तरी आम्ही तसेच,
मग त्याने मग शोधला. चहावर साय धरली होती.

पार्किंगमध्ये त्याची गाडी,
भलत्याच कंपनीची, निळी, जुनी.
दार एकदा लावलं, लागलं नाही.
त्याने ते खालून जरासं उचललं,
बोटभर,
आणि लावलं.